अभिजितच्या शेजारची चांदणी

रेवणसिद्ध मास्तरांच्या हातून एकदा एक तारा निसटला होता. एकोणीसशे अठरा सालच्या जून महिन्यात आकाशात एकाएकी एक नवा तारा उजळला आणि जगभर लोकांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. सोलापुरात मात्र त्या पंधरवड्यात ढग हललेच नाहीत. ढग हटले तेव्हा मास्तर तापाने अंथरुणाला खिळले होते, आणि ते उठून बसेपर्यंत तो तारा बाकीच्यांच्या गर्दीत कुठेतरी मिसळून गेला होता. ही हकीकत ते वर्गात दरवर्षी एकदा सांगत. शाळेत ते शास्त्र आणि गणित शिकवायचे, पण पोरांनी त्यांचं नाव 'तारामास्तर' पाडलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

सोळा वर्षांनी, चौतीस सालच्या डिसेंबरात, मुंबईच्या इंग्रजी पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. अभिजित ताऱ्याच्या शेजारी एक नवा तारा दिसू लागला आहे. पहाटे ईशान्येला पाहावा. मास्तरांनी अंगणातल्या उन्हात बसून, भिंग कागदाला जवळजवळ टेकवून, त्या चार ओळी तीनदा वाचल्या. मग बायकोला, पार्वतम्मांना, हाक मारून सांगितलं, "उद्यापासून मी पहाटे फिरायला जाणार आहे."

"या थंडीत?" पार्वतम्मा म्हणाल्या.

"डॉक्टर सांगतात चालावं म्हणून."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मास्तर डॉक्टरांकडे गेलेच नव्हते, कारण डॉक्टर काय सांगतील ते त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू चढत होता. फळ्यावरची अक्षरं ते हाताच्या सवयीने काढत, पोरांना आवाजावरून ओळखत, आणि घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पावलं मोजून चालत. नोकरीची पाच वर्षं उरली होती. आंधळ्या मास्तराला कोण ठेवून घेईल? म्हणून त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, पार्वतम्मांनाही नाही.

घर सोलापुरातल्या सात रस्ता भागात होतं. तिथून विजापूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की वस्ती संपे आणि महादेवप्पा नावाच्या शेतकऱ्याची शेतं लागत. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर कोट-रुमाल घालून, काठी टेकत तिथवर गेले. शेताच्या बांधाला उभं राहून त्यांनी ईशान्येकडे तोंड केलं. सगळं आभाळ राखाडी चिंध्यांसारखं दिसत होतं. अभिजित कुठे असायला हवा ते त्यांना पाठ होतं, पण तिथे काहीच नव्हतं. थोडं उजवीकडे मात्र एक पिवळट ठिपका लुकलुकत होता.  सोळा वर्षांनी! त्यांनी हात जोडले.

"कोन हाय तितं?" मागून बाईचा आवाज आला. "काय हुडकताय?"

"मी मास्तर आहे. सात रस्त्याला राहतो," मास्तर म्हणाले. "चांदणी बघायला आलोय. नवी आली आहे, पेपरात छापलंय."

"पेपरात आली व्हय?" बाई हसली. "मी आठ दिस झालं बगतीया तिला. पर तुमी गिरनीच्या दिव्याला हात जोडलाय की वो. चांदणी हिकडं हाय, डाव्या अंगाला, वर."

मास्तरांचे कान तापले. बाईने जवळ येऊन त्यांच्या हातातली काठी धरली आणि तिचं टोक आभाळाकडे वळवलं. "ही निळी मोठी, नुकतीच वर आलीया. आन् तिच्या वर, डाव्या हाताला, ती नवी." निळी म्हणजे अभिजित, हे मास्तरांनी ओळखलं.

"हां. दिसली," मास्तर म्हणाले.

 बाई आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तर, माज्या मालकाचं बी आसंच झालं हुतं. त्यो बी 'दिसलं, दिसलं' म्हनायचा. एक दिस हिरीत पडता पडता ऱ्हायला, तवा कबूल झाला."

मास्तरांनी आजूबाजूला आणखी कुणी आहे का याचा कानोसा घेतला. "कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "माझी शाळा आहे."

"मी कुनाला सांगनार? मेंढरास्नी?"

अशी मास्तरांची आणि मायाक्काची ओळख झाली. मायाक्का सांगोल्याकडची धनगरीण. यंदा तिकडे चारा नव्हता, म्हणून तिचा मुलगा सिद्धनाथ, सून केराबाई आणि दीडशे मेंढरं असं बिऱ्हाड घेऊन ती सोलापूरच्या शिवारात उतरली होती. लेंडीखतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत. आठ दिवस एका रानात, पुढचे आठ शेजारच्या. रात्री राखणीला मायाक्काच बसायची. म्हाताऱ्या माणसाला झोप कमी, असं म्हणायची.

मास्तर रोज जाऊ लागले. त्यांनी शाळेची एक कोरी वही घेतली होती. नवा तारा रोज किती उजळ आहे हे इतर ताऱ्यांशी ताडून लिहायचं, एवढंच काम, आणि त्यालाच डोळे लागत. डोळे मायाक्काचे होते. सप्तर्षींना ती 'बाजलं' म्हणायची. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे पाय, आणि मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर.

"आज कशी आहे?"

"बाजल्याच्या पायापरास मोटी. पर परवाच्यापरास बारीक."

"निळीपेक्षा?"

"निळीची सर न्हाय हो तिला."

बाजेचा कुठला पाय किती तेजाचा ते मास्तरांना पुस्तकामुळे पाठ होतं. ते घरी जाऊन, उन्हात बसून, मोठ्या अक्षरांत वहीत आकडा मांडायचे. वहीच्या पहिल्या पानावर 'निरीक्षक' या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. लिहिताना हात किंचित थांबला होता, इतकंच.

तेज सांगून झालं की मायाक्का शेकोटीत काटक्या सरकवायची आणि दोघं उजाडेपर्यंत बोलत बसायची. एकदा तिने विचारलं, "मेंढराचं वय दातावरनं कळतं. चांदणीचं कशावरनं कळतं?"

मास्तरांना आवडेल असा प्रश्न बऱ्याच वर्षांत वर्गात कुणी विचारला नव्हता. "रंगावरून थोडंफार कळतं," ते म्हणाले. "काही तांबड्या असतात, काही पांढऱ्या, काही निळ्या. धुरासारख्या वायूचा ढग असतो, तो गोळा होतो, आवळत जातो, तापतो आणि पेटतो. तो ताऱ्याचा जन्म. मग तो जळत राहतो, लाखो, कोट्यवधी वर्षं. शेवटी जळण संपतं, आकसतो, आणि निवत जातो."

"म्हंजी चांदणीबी मरती?"

"मरते. आपला सूर्यसुद्धा. पण ते बघायला आपण कुणी नसणार."

"आन् तांबडी ती तरणी का म्हातारी?"

"काही पुस्तकं म्हणतात तरणी, काही म्हणतात म्हातारी. मोठमोठ्या पंडितांचं अजून भांडण चालू आहे."

"दात बगायला जवळ जाता येत न्हाय, मग भांडनारच की," मायाक्का म्हणाली, आणि मास्तर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी तिने आपली गोष्ट सांगितली. केराबाईची दोन लेकरं गेली होती. पहिलं आठव्या दिवशी, दुसरं चार महिन्यांचं होऊन. तिसऱ्या वेळी ती इतकी धास्तावली होती की पोटात पोर हलली तरी रडायची. कळा आल्या त्या याच शिवारात, पालात. पहाटे पोरगी झाली. नाळ कापून, पोरीला पुसून आईजवळ दिली आणि मायाक्का हात धुवायला बाहेर आली. वर पाहिलं तर निळीच्या डोक्यावर, जिथे जन्मात कधी काही नव्हतं, तिथे चांदणी!

"मी तशीच पळत आत गेले. म्हनलं, केरा, तुज्या लेकीसंगं आभाळात चांदणी जलमली. तुजी लेक आता जाती कुटं! तवापासनं ती जेवाय लागली, मास्तर. हसाय लागली. रोज पाटंला पोरीला पाजाय उठती आन् पालातनं डोकं भाईर काडून आदी चांदणी बगती."

पोरीचं नाव फुला ठेवलं होतं.

 मास्तर शास्त्राचे शिक्षक होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांना सांगितल्यावाचून राहवेना. "मायाक्का," ते म्हणाले, "ही चांदणी टिकायची नाही. असे तारे एकदम उजळतात आणि महिन्या दोन महिन्यांत मंद होत जातात. ही आत्ताच उतरणीला लागली आहे. वहीत रोज तेज घटतंय."

मायाक्काने शेकोटीत एक काटकी सरकवली. 

"किती दिस?" तिने विचारलं.

"कुणी सांगू शकत नाही."

"केराला सांगू नगा."

"मी कशाला सांगू? पण तिला डोळे आहेत की."

"तिला मी सांगीन काय सांगायचं ते. तुमी सांगू नगा."

मास्तरांनी कबूल केलं. दोघांकडे आता एकमेकांचं एकेक गुपित होतं.

संक्रांतीला सिद्धरामाची गड्ड्याची जत्रा होऊन गेली. माघ लागला. चांदणी बाजेच्या पायांच्या बरोबरीला आली, मग चारातल्या सर्वांत बारक्या पायाएवढी झाली. केराबाई विचारायची, "आत्ती, ती बारीक का दिसती?" मायाक्का म्हणायची, गिरण्यांचा धूर हाय. पुढे म्हणाली, उनाळ्याची झापड हाय. एकदा म्हणाली, तुजी पाटंची झोप डोळ्यावर आसती. केराबाई ऐकून घ्यायची, पण हळूहळू तिने विचारणंच बंद केलं. मायाक्काला त्याची जास्त भीती वाटू लागली.

फाल्गुन संपताना मायाक्का एका पहाटे म्हणाली, "मधल्या चोराच्या खांद्यावर बारकी चांदणी हाय न्हवं, तेवडी बी न्हाय आता." मास्तरांनी आकडा लिहिला. आता उतार जोरात लागला होता. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, चंद्र नसलेल्या स्वच्छ आभाळात, मायाक्का खूप वेळ मान वर करून उभी राहिली.

"न्हाय मास्तर. दिसंना."

"नीट बघा."

"नीटच बगतीया. जागा हाय, चांदणी न्हाय."

मास्तरांनी वहीत लिहिलं: दिसत नाही. दुसऱ्या पहाटे ते गेले तेव्हा बांधावर मायाक्का नव्हती. तिसऱ्या पहाटेही नव्हती. मास्तर काळजी करत परतले आणि शाळेचे कपडे करायला लागले, तोच दारात आवाज आला.

"मास्तर हितंच ऱ्हात्यात का?"

पार्वतम्मांनी दार उघडलं. अनवाणी, डोक्यावर घोंगड्याची खोळ, डोळे तांबारलेले, अशी एक बाई उभी होती. "तुमी मास्तरीनबाई व्हय?" ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्याशी बसली. "माजी नात ऱ्हात न्हाय वो."

पार्वतम्मांनी पाण्याचा तांब्या दिला. दोन दिवसांपासून फुलाला हगवण लागली होती. उलट्याही होत होत्या. आता अंगावर प्यायचंही तिने सोडलं होतं, टाळू आत गेली होती. आणि केराबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला हात लावू देत नव्हती. सिद्धनाथने पोरगी दवाखान्यात न्यायला मागितली तर त्याच्या हाताला चावली.

"ती म्हनती, चांदणी इजली, आता पोर जानार. धडपडू नगासा, माज्या मांडीवर जाऊ द्या. चौथा म्हयना हाय म्हनती, दुसरं बी चौथ्यातच गेलं." मायाक्काने मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, तुमी चला. तुमचं ती ऐकंल. चांदणीचं तुमाला ठावं हाय, आसं म्या तिला सांगितलंया."

"चांदणीचं काय?" पार्वतम्मांनी विचारलं. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. पायात वहाणा सरकवून त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि टांगा घेऊन आल्या. मास्तरांनी टांग्याची पायरी चाचपत पाय ठेवला. पार्वतम्मा ते पाहत होत्या.

पालात ऊन गाळून येत होतं. मास्तर वाकून आत गेले. आत काळोख आहे की उजेड हेही त्यांना नीट कळेना. समोर एक गडद आकार होता आणि त्यातून थकलेल्या लेकराची कण्हण येत होती. ते अंदाजाने खाली बसले.

"केराबाई, मी मास्तर."

"चांदणी इजली," केराबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आत्ती म्हनली धूर हाय. धूर न्हवता. इजली ती."

  ती परत येईल, असं खोटं सांगावं का, असं मास्तरांच्या मनात आलं. पण मायाक्काने असंच खोटं सांगितलं होतं आणि त्याचं हे झालं होतं.

"केराबाई," ते म्हणाले, "ती चांदणी मला एकदाही दिसली नाही."

आकार हलला.

"माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. चार महिने मी रोज पहाटे येतो, पण मी बघत नव्हतो, तुझी सासू बघत होती. मी नुसतं लिहीत होतो. आत्ता तू माझ्यापुढे बसली आहेस, तुझं तोंड मला दिसत नाही. तुझी लेक दिसत नाही. नुसता धूर दिसतो. म्हणून तुम्ही दोघी इथे नाही का?"

पालाच्या तोंडाशी बांगड्यांचा आवाज झाला. पार्वतम्मा तिथे उभ्या होत्या. मास्तरांना ते कळलं. पण आता थांबून चालणार नव्हतं.

"चांदणी विझली नाही. दिसायची थांबली. तू मोठी दुर्बीण आणलीस तर अजूनही त्याच जागी सापडेल. आणि दुसरं ऐक. ती तुझ्या लेकीबरोबर जन्मली नाही."

"न्हाय?"

"नाही. पेपरात 'नवी' म्हणतात, पण ती नवी नव्हे. ती लाखो वर्षांची म्हातारी आहे. आधीपासून तिथेच होती, इतकी मंद की कुणाला दिसत नव्हती. म्हाताऱ्या ताऱ्यांना कधीकधी असं होतं, एकदम भडका उडतो. राखेतला निखारा कुणी फुंकला की जाळ होतो ना, तसा. चार दिवस जाळ दिसला, आता पुन्हा राखेखाली गेली. तिचं ते चालूच आहे. तुझ्या चार महिन्यांच्या पोरीचा त्या म्हातारीशी काय संबंध?"

"म्हातारी?" केराबाई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात काहीतरी हललं. "चांदणी म्हातारी हाय?"

"माझ्या पणजीच्या पणजीपेक्षा."

मायाक्का पुढे सरकून सुनेच्या पायाशी बसली. "केरा, म्या बांदली तुला त्या चांदणीला. आनंदाच्या भरात बोलले मी. कुनी देवानं सांगितलं न्हवतं, कुनी इचारलं न्हवतं. माजं त्वांड. ती गाट माजी हाय, मीच सोडती. पोर दे."

केराबाईने पोर दिली नाही. पण ती उठली. उठताना तिचा तोल गेला, दोन दिवस ती तशीच बसून होती. पार्वतम्मांनी तिला दंडाला धरून टांग्यात चढवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. सिद्धनाथ टांग्यामागे पळत निघाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी गेलं होतं. त्यांनी सुईने कातडीखाली मिठाचं पाणी दिलं, आणि केराबाईच्या हातात वाटी-चमचा देऊन म्हणाले, दर थोड्या वेळाने एक चमचा पाणी, ओकली तरी पुन्हा एक. केराबाईने तो दिवस, ती रात्र आणि पुढचा दिवस चमचा खाली ठेवला नाही. पार्वतम्मा घरून उकळलेलं पाणी आणत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फुला मोठ्याने, रागाने रडली, आणि वॉर्डातल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. सातव्या दिवशी तिला घरी सोडलं.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी पार्वतम्मा आणि मास्तर दवाखान्यातून टांग्याने परतले. घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि त्यांचा बांध फुटला.

"एनरी," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या कानडीतून अशीच हाक मारत. "दोन वर्षं! दोन वर्षं मला वाटतंय, तुम्हाला माझं तोंड बघायचा कंटाळा आलाय. नवीन लुगडं नेसून पुढे उभी राहिले, तुम्ही पेपर मागितला. ताटातली मिरची तशीच चावून मला ओरडलात. आणि ही गोष्ट कळली कुणाला आधी? मेंढरं राखणाऱ्या बाईला!"

"तिने ओळखलं. मी सांगितलं नव्हतं."

"मीपण ओळखलं असतं. तुम्ही मला जवळ उभं राहू दिलं असतंत तर."

 मास्तर चाचपत पुढे झाले आणि त्यांनी पार्वतम्मांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत पार्वतम्मा त्यांना मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डाव्यात आधीच दोष होता, तो तसाच राहिला. जाड भिंगांचा चष्मा लागला. हेडमास्तरांना मास्तरांनी सगळं स्वतःहून सांगितलं. हेडमास्तर टेबलावर पेन्सिल वाजवत म्हणाले, जूनमध्ये वाचून दाखवा, मग बघू. जूनमध्ये मास्तरांनी वाचून दाखवलं.

चष्मा आल्यावर त्यांनी वही उघडली. आपली मोठी, वेडीवाकडी अक्षरं पाहून त्यांना हसू आलं. मग पहिल्या पानावरचं आपलं नाव दिसलं. त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं: निरीक्षक, मायाक्का, मुक्काम सांगोला तालुका. त्याखाली बारीक अक्षरांत: लेखनिक, रेवणसिद्ध. आकड्यांची स्वच्छ इंग्रजी नक्कल करून त्यांनी ती परमुलखातल्या एका वेधशाळेकडे पाठवून दिली.

श्रावणात उत्तर आलं. मास्तर ते खिशात घालून कुर्डुवाडीला गाडी बदलत सांगोल्याला गेले. मायाक्काचं बिऱ्हाड गावाकडे परतलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. रविवार होता. बाजारात मेंढरं, घोंगडी, माणसं यांची दाटी झाली होती. मास्तर प्रत्येक म्हाताऱ्या धनगरणीच्या तोंडाकडे बघत हिंडत होते आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण मायाक्काला कधी पाहिलेलंच नाही. आवाजावरून त्यांनी मनात एक वाकलेली, पांढऱ्या केसांची आजी तयार केली होती. तशा दोन-तीन दिसल्या. त्यांना विचारलं, त्या नव्हत्या.

"आरं बाबा, ही दोन वर्साची न्हाय, दात बग तिचं!" घोंगड्यांच्या ढिगापलीकडून आवाज आला.

मास्तर वळले. एक उंच, सरळ बांध्याची बाई एका मेंढीचा जबडा धरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. तोंडावर देवीचे वण होते. केस बरेचसे काळेच होते. कपाळाला मोठं गोंदण, आणि डोळे बारीक, उन्हाने कायम मिचकावलेले. मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"काय पायजे, साहेब?" तिने विचारलं. जाड चष्म्याचा हा माणूस तिलाही ओळखू आला नाही.

"मायाक्का," मास्तर म्हणाले, "तुम्ही एवढ्या तरण्या असाल असं वाटलं नव्हतं मला."

तिने मेंढीचा जबडा सोडला. "मास्तर! दिसाय लागलं?"

"एका डोळ्याने."

"एक बास हाय की!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की गिऱ्हाईक दचकलं.

तिने त्यांना घोंगड्यावर बसवलं. केराबाई तिच्या पाठीशी होती. फुला तिच्या काखेत होती, अंगाने भरलेली, आणि मास्तरांच्या चष्म्याकडे हात पसरत होती. मास्तरांनी कागद काढला. पत्र इंग्रजीत होतं. वेधशाळेने आभार मानले होते, नोंदी काळजीपूर्वक केलेल्या दिसतात असं म्हटलं होतं, आणि शेवटी कळवलं होतं, की तो तारा मध्यंतरी फारच मंद झाला होता, पण आता पुन्हा थोडा उजळून दुर्बिणीतून दिसतो आहे. वर नाव होतं, 'मिस्टर मायाक्का'.

"मिस्टर म्हंजी?"

"म्हणजे... त्यांना वाटलं, तुम्ही बाप्या आहात."

मायाक्का पदर तोंडावर घेऊन हसत सुटली, सिद्धनाथ हसला, गिऱ्हाईकही हसलं. केराबाई तेवढी हसली नाही. ती फुलाला दुसऱ्या काखेत घेत पुढे सरकली.

"मास्तर," ती म्हणाली, "वाईच परत वाचा. त्या म्हातारीचं काय लिवलंय ते."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि शेवटच्या दोन ओळी सावकाश, मराठीत, पुन्हा वाचून दाखवल्या.